विहिरीच्या खालच्या अंगाला

घाबरट माणसाला 'भित्री भागूबाई' म्हणायची रीत सगळीकडेच आहे. पण चिंचाळवाडीत ती नुसती म्हण नव्हती, ती एक जितीजागती बाई होती. गावाच्या ख्रिस्ती वस्तीत दोन खणांच्या घरात एकटी राहायची आणि बायबलबाईचं काम करायची. आईबापांनी नाव ठेवलं ते ठेवलं, वर स्वभावही नावाला साजेसा निघाला, मग गाव काय सोडतंय तिला? पोरं मागून फटकन टाळी वाजवायची आणि भागूबाई हातभर उडायची.

तिला कुत्र्याची भीती वाटे, विजेची वाटे, तलाठ्याची वाटे. एस.टी.त बसली की पाथर्डी येईपर्यंत डोळे मिटून स्तोत्र पुटपुटायची, आणि कंडक्टरनं "आजी, तिकीट" म्हटलं की दचकून "आमेन" म्हणायची. एकाहत्तरच्या लढाईत ती नेमकी भिंगारला भावाकडे गेलेली. भाऊ छावणीत खानसामा. भोंगा वाजला, दिवे गेले आणि भागूबाई बाजेखाली गेली. दुसरा भोंगा वाजतो तो धोका टळल्याचा, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या भोंग्याला ती आणखी आत सरकली. सकाळी भावानं पाय धरून ओढून काढली तेव्हा तिच्या पदरात अर्धी भाकरी बांधलेली होती, म्हणजे घाबरतानाही तिनं पुढचा विचार केला होता.

तिच्या शास्त्रात पानापानावर लिहिलेलं, 'भिऊ नको'. देवदूत येतो तो हेच म्हणतो, प्रभू समुद्रावरून चालत येतो तो हेच म्हणतो. भागूबाई ते वाक्य लोकांना अगदी गोड आवाजात सांगायची आणि सांगताना तिचे स्वतःचे हात थरथरायचे. लोक हसायचे. तीही हसायची. "देवाला येवढ्यांदा सांगाया लागतं, म्हंजी माझ्यासारख्या लई असत्याल," म्हणायची.

पण काम मात्र चोख. बायबलबाईचं काम म्हणजे वस्त्या-वाड्या पायी फिरायचं, ओट्यावर बसायचं, भजन म्हणायचं आणि शास्त्रातली एखादी गोष्ट सांगायची. धर्म वाढला की नाही ते मिशनवाल्यांनी मोजावं. भागूबाईची खुबी वेगळी होती. हजारो वर्षांपूर्वीची गोष्ट ती उचलून थेट समोरच्या चुलीपाशी आणून ठेवायची. सुगीच्या दिवसांत ती रूथची गोष्ट सांगे, विधवा सून दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते ती, आणि मग सहज म्हणे, "आन तुमच्या बांधाकडंची कनसं कापून झाली व्हय?" ऐकणारी बाई समजायची आणि दोन सऱ्या सरव्यासाठी सोडायची. नूरमहंमदच्या दुकानात तिनं एकदा दोन प्रकारच्या मापांची गोष्ट काढली. तो म्हणाला, "बाई, हे आमच्यातबी सांगितलंय," आणि त्या दिवसापासून धान्य मापताना चिपट्यावर बोट फिरवायचं त्यानं सोडलं.

इतक्या गोष्टी ती सांगायची, पण एक कधीच नाही. ती पहारेकऱ्याची. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात आहे ती. गावाच्या भिंतीवर पहारेकरी उभा आहे, त्यानं तलवार येताना पाहिली आणि शिंग फुंकलं नाही, तर मेलेल्यांचं रक्त त्याच्या हाती मागितलं जाईल. आणि फुंकलं, पण लोकांनी ऐकलं नाही, तर तो सुटला. नगरला मिशनच्या बायांच्या वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी हा भाग पहिल्यांदा वाचायला दिला तेव्हा विशीतली भागूबाई मध्येच थांबली, पुस्तक मिटून बाहेर गेली आणि उलटी करून आली. बाईंना वाटलं ऊन लागलं.

ऊन नव्हतं लागलेलं. तिचे धनी विहिरी खोदायचे. लग्नाला वर्ष होत होतं, ती भाकरी घेऊन कामावर गेली होती. ती उताराच्या बाजूनं आली. धनी खाली तळाशी, सासरे आणि थोरले दीर वर काठावर. उतारावरून तिला समोरच्या दरडीचं पोट दिसलं आणि त्यातून मुरूम गळताना दिसला. जात्यातून पीठ सांडावं तसा, बारीक, न थांबता. वरच्यांना ते दिसत नव्हतं. ती डोक्यावरून पदर घेतलेली नवी सून. सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, आणि नवऱ्याला नावानं हाक तर मरेस्तोवर मारायची नाही. नाव घ्यायचं ते लग्नात, उखाण्यात. तिनं खोकून पाहिलं. हातातल्या बांगड्या वाजवल्या. धन्यांनी वर पाहिलं, तिच्याकडे बघून हसले, आणि दरड खाली आली.

हे तिनं आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. गाव म्हणायचं, भागूबाई विहिरीला घाबरते कारण नवरा विहिरीत गेला. तेवढंच गावाला ठाऊक.

बहात्तर साल कोरडं गेलं. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तर जमिनीला भेगा पडल्या त्या अशा, की शेळीचा पाय अडकावा. वस्तीतले गडी आणि तरण्या बाया सरकारी कामावर खडी फोडायला जायच्या. गावची विहीर फाल्गुनातच आटली. एक बन्सीअण्णाच्या मळ्यातली तेवढी राहिली, कारण त्यानं ती सुरुंग लावून आणखी खोल नेली होती. पाणी लागलं तेव्हा त्यानं नारळ फोडला, गूळ वाटला आणि सगळ्या गावाला पाणी खुलं केलं. माणूस वाईट नव्हता. आपण फार चांगले आहोत असं मात्र त्याला जरा जास्तच वाटायचं.

सगळ्या गावाला म्हणजे वस्तीलाही, पण रीतीनं. वस्तीच्या बायांनी विहिरीवर चढायचं नाही. उताराच्या अंगाला, जिथं जुनी भिंत ढासळून खिंडार पडलं होतं, तिथं खाली घागरी मांडून बसायचं. वर, समोरच्या काठावर, एक मोठी शिळा विहिरीत पुढं आलेली होती. तिच्यावर उभं राहून बन्सीअण्णाची सून चांगुणा पाणी शेंदायची, आणि आपले हंडे भरले की पोहरा घेऊन खाली यायची आणि वस्तीच्या घागरींत वरून धार धरायची. येशूच्या मंडळीत येऊन तीन पिढ्या झाल्या होत्या, पण विहिरीच्या लेखी वस्ती जिथल्या तिथंच होती. विहिरीला कोण समजावणार?

चांगुणा मनाची मोकळी पोरगी. सहावा महिना लागलेला, तरी धार धरताना घागर काठोकाठ भरायची आणि म्हणायची, "मावशी, हिंदकळू नका, लई लांब जायचंय तुमाला." सासू मुक्ताबाई वर बसून बघायची. मुक्ताबाईचा जीव सुनेवर होता. आधी दोन बाळंतपणं वाया गेली होती, म्हणून दंडाला गंडे, कमरेला ताईत, आणि डोळ्यांत तेल घालून पहारा. सुनेला कामाला का लावायचं, असं कुणी विचारलं तर म्हणे, बाई हलती राहिली की सुटका सोपी.

एके सकाळी भागूबाई खाली बसली होती. बाकीच्या बाया गप्पा मारत होत्या. भागूबाई नेहमीसारखी विहिरीकडे पाठ करून बसायची, पण त्या दिवशी ऊन तोंडावर येत होतं म्हणून फिरून बसली. समोर खिंडारातून पलीकडची दरड दिसत होती. तिचं लक्ष शिळेच्या खाली गेलं.

शिळेच्या खाली काहीच नव्हतं.

सुरुंगांनी दरड आतून खिळखिळी केली होती आणि शिळेखालचा मुरूम ढासळून तिथं चांगली बैल बसेल एवढी कपार झाली होती. शिळा मागच्या टोकाशी कशीबशी धरून होती, हिरडी सोडलेला दात असतो तशी. वरून पाहणाऱ्याला ती पूर्वीइतकीच भक्कम. आणि तिच्यावर चांगुणा, वाकून दोर ओढत. दोराला हिसका बसला की कपारीतून चिमूटभर मुरूम गळायचा.

भागूबाईनं तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली. घागर कधी भरली, डोक्यावर कुणी ठेवली, घरी कशी आली, तिला कळलं नाही. घरी येऊन ती दाराला कडी लावून बसली आणि स्वतःला बजावत राहिली, की भागे, तुला भिंगारला भोंग्यात मरण दिसलं होतं, शाळेची भिंत पडणार म्हणून तू पोरं बाहेर काढलीस आणि ती भिंत अजून उभी आहे. तुझे डोळे भित्रे. तुझ्या डोळ्यांवर जाऊ नको.

दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम पाहिलं. कपार वाढली होती.

तिनं शेजारणीला दाखवलं. ती म्हणाली, "दगूड हाय त्यो. आमच्या सासूच्या वक्तापून हाय." आणि डोळे मिचकावून दुसऱ्या बाईकडे बघून हसली. मग भागूबाई वस्तीच्या उपदेशकाकडे, रंगनाथ मास्तरांकडे गेली. मास्तर शिकलेले, सबुरीचे, आणि सगळ्या वस्तीचा भार आपल्या खांद्यावर आहे असं मानणारे. आणि तसा तो होताही.

"मास्तर, शास्त्रात सांगितलंय न्हवं, कुनी खाच उघडी ठिवली आन त्यात दुसऱ्याचं जनावर पडलं, तर खाचंच्या मालकानं भरून द्यायचं? हितं तर मानूस हाय. पोटुशी बाई हाय."

"मग ते मालकाला सांगितलंय, भागूबाई. आपण मालक आहोत का?"

"आपुन पानी पितो तितलं."

"तेच तर म्हणतो मी." मास्तर आवाज खाली आणून म्हणाले. "उद्या तुम्ही त्याच्या विहिरीला खोट काढलीत आणि तो म्हणाला, नको येऊ, मग साठ घरांनी काय प्यायचं? तुमच्या-माझ्या प्रार्थना? पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

मास्तरांचं खरं होतं. वस्तीत तान्ही पोरं होती. भागूबाई परत आली, पण तिचा डोळा लागेना. डोळा मिटला की बांगड्या वाजायच्या.

शेवटी तिनं आपल्याला जमतो तो मार्ग काढला. सरळ सांगायचं धाडस नव्हतं, तेव्हा गोष्ट सांगायची. आजवर किती घरांत किती गोष्टी तिनं अशाच रुजवल्या होत्या! सकाळी चांगुणा पोहरा घेऊन खाली आली तेव्हा भागूबाईनं सुरुवात केली. "सूनबाई, येक जुनी गोष्ट हाय बग. येका मान्सानं खाच उघडी ठिवली हुती. वरनं साजरी दिसायची, आतनं पोकळ. त्याच्याच घरची लक्ष्मी तितं रोज जायाची. भरल्या पोटाची. आन येक दिस..."

"येक दिस काय, मावशी?" चांगुणानं धार थांबवली.

"येक दिस ती त्यात गेली, बाई. दोन जीव गेले."

वरून मुक्ताबाई ताडकन उठली. "ए भागे! काय बोललीस?"

भागूबाईनं पदर तोंडाला लावला.

"माझ्या दोन जिवांच्या सुनंला आसलं सांगतीस? नारळ फोडलेल्या हिरीवर? नाट लावतीस व्हय गं माझ्या घराला? पांढऱ्या कपाळाची, नवरा गिळून बसलीस, आन आता माझं नातवंड डोळ्यांत आलंय तुझ्या!" मुक्ताबाईचा आवाज चिरकत होता. रागापेक्षा त्यात भीतीच जास्त होती, पण ते ऐकायला भागूबाई शुद्धीवर कुठं होती? "चांगुने, वर ये. थुक तिकडं. आन तुमी समद्या, उठा. उद्यापून हितं दिसायचं न्हाई. तुमच्या देवाला मागा पानी."

भागूबाईला एक शब्द बोलता आला असता. 'शिळा' एवढाच. तो आला नाही. ती हात जोडून नुसती उभी राहिली.

झालं. वस्तीचं पाणी तुटलं. बाया डोंगरापलीकडच्या ओढ्यात झिरे उकरायला जाऊ लागल्या. भल्या पहाटे जायच्या आणि थेंब थेंब वाटीनं भरून उन्हातान्हात परत यायच्या. भागूबाईशी कुणी बोलेना. ती दिसली की बाया घागरी दुसऱ्या कुशीला घ्यायच्या. एका तान्ह्याला जुलाब लागले तेव्हा त्याची आई भागूबाईच्या दारात येऊन उभी राहिली आणि काही न बोलता निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रंगनाथ मास्तर मात्र आले. माणूस चांगला, पडल्यावर लाथ मारणारा नव्हता. म्हणाले, "भागूबाई, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही सांगितलंत. त्यांनी ऐकलं नाही. पहारेकऱ्यानं शिंग फुंकलं, आता त्याच्या हाताला रक्त नाही. शास्त्रच सांगतं, तुम्ही सुटलात."

मास्तरांना काय ठाऊक, त्यांनी कुठल्या जखमेवर बोट ठेवलं ते. भागूबाई सुटण्यासाठी किती वर्षं तडफडत होती! आणि आज शास्त्र स्वतः दार उघडून म्हणत होतं, जा, सुटलीस. तिनं आपल्या मनगटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मास्तर, म्या शिंग न्हाई फुकलं. म्या पुन्यांदा बांगड्या वाजावल्या."

मास्तरांना काही उमगलं नाही. ते मान हलवून गेले.

सकाळी भागूबाई उठली, तोंड धुतलं, पदर खोचला. प्रार्थना करायला बसली तर शब्द सुचेनात. 'भिऊ नको' म्हणून पाहिलं. भीती तसूभर हलली नाही. तेव्हा ती देवाला म्हणाली, "ऱ्हाऊ दे. भ्या ऱ्हाऊ दे. पाय तेवढं चालू दे." आणि निघाली. वाटेत दोनदा बसली. एकदा तर परत फिरून चार पावलं आलीसुद्धा. बन्सीअण्णाचं कुत्रं भुंकत अंगावर आलं, तशी ती रडायला लागली आणि रडत रडतच पुढं चालत राहिली. कुत्र्यालाही हा प्रकार नवा असावा, ते बाजूला झालं.

विहिरीवर चार-पाच बाया होत्या. चांगुणा शिळेवर उभी, पोहरा खाली सोडलेला. मुक्ताबाई हंडा घासत होती. भागूबाई आज खालच्या अंगाला थांबली नाही. चढण चढून सरळ विहिरीच्या काठावर आली आणि तिनं ओरडून हाक मारली, "चांगुनाऽ!"

वस्तीतली बाई बन्सीअण्णाच्या सुनेला, अशी उघड्यावर, नुसत्या नावानं. बायांचे हात जिथल्या तिथं थांबले. चांगुणानं वळून पाहिलं. तोवर भागूबाईनं वाकून दोराचं मोकळं टोक उचललं होतं आणि मनगटाला गुंडाळलं होतं.

"बाटली! हीर बाटली गं!" एकच कल्लोळ उठला. बाया हंडे टाकून मागं पळाल्या. मुक्ताबाईनं झेप घेतली, चांगुणाचा दंड धरला आणि विटाळ लागू नये म्हणून तिला शिळेवरून खेचून पार बांधापर्यंत नेली. चांगुणाच्या हातून दोर सुटला आणि पोहऱ्याचं ओझं भागूबाईच्या मनगटावर आलं. गावाची रीत कधी कुणाच्या उपयोगी पडली असेल तर ती त्या घटकेला.

भागूबाई शिळेच्या मागच्या टोकाला, काठावर, मटकन खाली बसली. आपण इथून उठलो की या बाया गोमूत्र शिंपडून पुन्हा शिळेवर उभ्या राहतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुढ्यात विहिरीचं तोंड होतं. आतून गार ओली हवा येत होती, तीच, त्या दिवसाची. तिचं सगळं अंग लटलट कापत होतं, दात वाजत होते.

"बन्सीअण्णाला बलवा," ती म्हणाली. "त्याबिगार म्या उठायची न्हाई."

बन्सीअण्णा आला तो हातात काठी घेऊनच. मागं दोन गडी. त्याचं तोंड लालबुंद झालेलं. "भागे, माजलीस काय? पानी दिलं त्याचं ह्ये पांग फेडलंस?" त्यानं काठी उगारली.

भागूबाईनं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि त्या हातांच्या आडून ती बोलली. या वेळी गोष्ट नाही, दाखला नाही. "मारा, अन्ना. पर आदी तितं खाली जाऊन बसा. आमी बसतो तितं. तितनं शिळंखाली बगा. मंग मारा."

"मी? तितं बसू?"

"व्हय. वरनं न्हाई दिसत त्ये."

बन्सीअण्णाची काठी वर होती ती वरच राहिली. तो तिच्याकडे बघत होता. कोंबडीनं पंख फडफडवले तरी किंचाळणारी ही बाई. हिच्या भित्रेपणाचे किस्से त्यानं स्वतः चावडीवर रंगवून सांगितले होते. नवरा विहिरीत गेला म्हणून जन्मभर विहिरीकडे पाठ करून बसलेली. आणि ती आज विहिरीच्या तोंडाशी बसली आहे, कापते आहे, रडते आहे आणि उठत नाही. धीट बाई असती तर त्याला वाटलं असतं, भांडायला आली. ही कशाला आली असेल? त्याच्या मनात भीतीचा पहिला किडा तिथं वळवळला. तो काठी टेकत उताराला गेला. वस्तीच्या बाया जिथं घागरी मांडत तिथं जरा घुटमळला, आजूबाजूला पाहिलं, आणि मग धोतर सावरून खाली बसला. उभं राहून दिसत नव्हतं.

विहिरीत डुबुक असा लहानसा आवाज झाला. मग पुन्हा एक.

"भागूबाई," बन्सीअण्णा खालून बोलला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "भागूबाई, हलू नका. दोर सोडा हळूच. हां. आता बसल्या बसल्या मागं सरका. शिळंला हात लावू नका."

अहो-जाहो! बायांनी एकमेकींकडे पाहिलं. भागूबाईनं मनगटाचा दोर सोडला. दोर सरसर शिळेवरून घसरत आत गेला. ती लहान मूल रांगतं तशी, पण उलटी, मागं सरकत बांधापर्यंत आली. बन्सीअण्णानं गड्याला लांब पहार आणायला सांगितली. गड्यानं दुरूनच शिळेच्या मागच्या फटीत ती घातली. जोर लावावा लागेल म्हणून त्यानं पाय रोवले, पण जोर लावायची वेळच आली नाही. पहार टेकली आणि शिळा गेली. तिच्याबरोबर काठाची हातभर जमीन गेली, जिथं भागूबाई आत्ता बसली होती ती. खाली पडल्याचा आवाज आला तो पायाच्या तळव्यांतून वर डोक्यात गेला. पाणी उसळून काठावर आलं.

मुक्ताबाई चांगुणाला चाचपत होती, डोकं, खांदे, पोट, पुन्हा डोकं, जणू काही हरवलंय का ते पाहत होती. मग तिचं लक्ष भागूबाईकडे गेलं. भागूबाई बांधाला टेकून बसली होती, ओठ कोरडे पडून फुटले होते, आणि तोंड उघडून नुसती धापा टाकत होती. मुक्ताबाईनं भरल्या हंड्यातून तांब्या बुडवला आणि तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. सवयीनं भागूबाईनं ओंजळ पुढं केली, वरून धार धरतील म्हणून खाली, लांब. मुक्ताबाई वाकली. तांब्या भागूबाईच्या बोटांना लागला. मुक्ताबाईनं तो मागं घेतला नाही.

"प्या, भागूबाई," ती म्हणाली. "सावकाश प्या."

आठवड्याच्या आत बन्सीअण्णानं विहिरीला छातीएवढा कठडा बांधून घेतला. बांधला कुणी? खडीच्या कामावरच्या वस्तीतल्या गड्यांनीच. त्यांनी विहिरीत उतरून दरड रचली, काठावर बसून भाकरी खाल्ली, आणि त्यांच्या हातांनी विहीर बाटते असं कुणाच्या मनातही आलं नाही. बांधणारे हात चालतात, शेंदणारे चालत नाहीत, हे गणित मला तरी अजून सुटलेलं नाही. वस्तीचं पाणी सुरू झालं. बायांना बसायला जागा मात्र तीच राहिली, खालच्या अंगाला. एवढं खरं की सकाळी बाया यायच्या आधी बन्सीअण्णा तिथं येऊन घटकाभर बसायचा आणि दरडीचं पोट निरखून जायचा. गाव त्याला हसायचं. भागूबाईला तर गाव हसतच होतं, आणि पोरांच्या टाळीला ती अजूनही हातभर उडत होती.

पाणी सुरू झालं त्या दिवशी चांगुणा पोहरा घेऊन खाली आली. धार धरता धरता तिनं वर सासूकडे एकदा पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "मावशी, येक इचारू? येवढ्या बायांत, आत्याबाईंच्या म्होरं, मला नावानं हाक मारलीत तुमी. सूनबाई म्हनायच्या तुमी मला. लाज न्हाई वाटली?"

भागूबाईनं भरलेल्या घागरीवर हात ठेवला.

"येकदा लाजले हुते, बाई," ती म्हणाली.